ख्रिस्ती भक्तिजीवन : देवाशी सख्य व आध्यात्मिक वाढ (मराठवाडा)

येशू ख्रिस्ताद्वारे देवाशी जडलेले व्यक्तिगत नाते आणि त्या नात्यातून श्रद्धावंताच्या स्वभावात, आचरणात व प्रार्थनेत आयुष्यभर होत जाणारी वाढ. नव्या करारात या वाढीसाठी वेल आणि फाटे यांचा दृष्टांत (योहान १५) येतो; त्याच अध्यायात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. कृपेत व ज्ञानात वाढत जाण्याचा उपदेश पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (३:१८), देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक रोमकरांस पत्रात (८:१५) आणि वाढीची खूण म्हणून आत्म्याचे नवविध फळ गलतीकरांस पत्रात (५:२२–२३) आढळते.

या कल्पनेच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते व्यक्तिगत नात्यावरचा भर ही आधुनिक प्रॉटेस्टंट घटना होय. जर्मनीतील पायटिस्ट (अंतःकरणाच्या भक्तीवर भर देणारी) चळवळ, फिलिप याकोब श्पेनर यांचा ‘पिया देसिदेरिया’ (१६७५) हा ग्रंथ, त्याच वळणाच्या मोरेव्हियन मंडळ्या आणि त्यांच्या प्रभावाखाली मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत आलेला अनुभव, अशी परंपरा ते दाखवतात. दुसरा पक्ष बराच मागे जातो. ऑगस्टीन (३५४–४३०) यांचा ‘आत्मनिवेदन’ (कन्फेशन्स) हा ग्रंथ म्हणजे सबंध देवाला उद्देशून केलेले संभाषण आहे. क्लेर्व्होचे मठाधिपती बर्नार्ड (१०९०–११५३) यांच्या, बायबलमधील गीतरत्न या पुस्तकावरील प्रवचनांत आत्मा व ख्रिस्त यांचे नाते वधूवरांचे आहे. दोन्ही पक्षांचे पुरावे पाहता सख्य जुने आणि त्याची साक्ष प्रत्येकाने चारचौघांत, शक्यतो परिवर्तनाच्या एका क्षणाचा निर्देश करून द्यावी ही अपेक्षा मात्र पायटिस्ट काळानंतरची, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

वाढीच्या स्वरूपाविषयीही पंथभेद आहेत. प्रेसबिटेरियन या स्कॉटलंडमधील प्रमुख प्रॉटेस्टंट पंथाच्या मतानुसार देव पाप्याला विश्वासाने नीतिमान ठरवतो ते एकदाच. पवित्रीकरण, म्हणजे स्वभाव व आचरण पवित्र होत जाणे, मात्र जन्मभर चालते आणि या देहात पुरे होत नाही. वेस्ली यांनी परिपूर्ण प्रीती इहलोकीही शक्य मानली. कॅथलिक परंपरेत कृपा मुख्यत्वे संस्कारांतून मिळते व प्रवासाचे शुद्धी, प्रकाश आणि ऐक्य असे तीन टप्पे सांगितले जातात. मराठवाड्यात सुरुवातीला जी मिशने आली त्यांत यांपैकी पहिला आणि तिसरा प्रवाह ठळक होता.

निजामाच्या राज्यातील या प्रदेशात संघटित प्रॉटेस्टंट कार्य १८६० च्या दशकात सुरू झाले असे सामान्यतः धरतात. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेसबिटेरियन मंडळीचे नारायण शेषाद्री (मृ. १८९१) जालन्यास आले. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईस झाला होता. त्याच वर्षी त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले. मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले आणि त्याला जातीत परत घेण्याच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. देवाशी नाते जोडण्याचा निर्णय व्यक्ती कोणत्या वयात स्वतः घेऊ शकते, हा प्रश्न महाराष्ट्रात असा धर्मशास्त्राआधी न्यायालयात चर्चिला गेला. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. तेथील नवख्रिस्ती बहुतांशी मातंग समाजातले होते. त्यांच्याबाबतीत धर्मांतर हा बहुधा एकट्याचा निर्णय नसून घराचा, कधी भावकीचा होता. त्यामुळे मिशनची शिकवण व्यक्तीच्या अंतःकरणाला उद्देशून असली, तरी प्रत्यक्ष भक्तिजीवन वस्तीच्या प्रार्थनेतून आकारले. औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे काम रतनजी नवरोजी या मूळच्या पारशी धर्मोपदेशकांनी दीर्घकाळ सांभाळले.

कॅथलिक कार्य वैजापूर-गंगापूर भागात, विशेषतः घोगरगाव येथे रुजले. ते करणारे फ्रेंच पाद्री संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) यांच्या नावाच्या संघाचे होते. सेल्स यांच्या १६०९ मधील ग्रंथाचे प्रतिपादन असे, की भक्ती ही मठातल्यांची मिरास नाही. शिपाई, कारागीर, गृहिणी यांनी आपापल्या कामात राहून ती करावी. शेतमजुरांच्या वस्त्यांना ही शिकवण मानवणारी होती. औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला.

भक्तिसंप्रदायाचा प्रभाव किती, हा वादाचा दुसरा मुद्दा. नामदेवांचे नरसी, एकनाथांचे पैठण आणि जनाबाईंचे गंगाखेड याच प्रदेशात असल्याने ख्रिस्ती सख्यभाव येथे सुरुवातीपासूनच वारकरी वळणाचा होता, असे काही लेखक मांडतात. मांडणी आकर्षक आहे. पण जालन्याचे सुरुवातीचे मिशन प्रश्नोत्तरीवर (धर्मशिकवणीची पाठ करावयाची प्रश्नोत्तरे) आणि बायबलवाचनावर चालणारे, स्कॉटिश शिस्तीचे होते. अभंगाचे वळण आले ते बहुधा नंतर आणि गोदावरीपलीकडून, अहमदनगरकडून (आताचे अहिल्यानगर). तेथे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, तर १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी येशूला माऊली, सखा, गुरू मानून पदे रचली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा संघ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती, आणि मिशनला ती गोष्ट सहजी पचण्यासारखी नव्हती. त्यांची गीते मराठवाड्यातील मंडळ्यांत आजही गायली जातात. प्रश्नोत्तरी पाठ करणाऱ्या पिढीला देवाशी एकेरीत बोलायला याच गीतांनी शिकवले, असे म्हणण्यास जागा आहे.

प्रचलित साधनांत रविवारची उपासना, प्रभुभोजन, पहाटेचे बायबलवाचन, उपवास-प्रार्थना, घरोघर पाळीने होणाऱ्या प्रार्थनासभा व त्यांत दिली जाणारी साक्ष ही येतात. कॅथलिकांत मिस्सा, पापनिवेदन, रोझरी व ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ. श्रीरामपूरजवळील हरेगाव येथे सप्टेंबरात भरणाऱ्या मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेस वैजापूर-गंगापूर भागातूनही भाविक जातात. मरियेच्या मध्यस्थीची प्रार्थना प्रॉटेस्टंट मंडळ्यांना मान्य नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात प्रेसबिटेरियन व अँग्लिकन हे दोन्ही वारसे एकत्र आले. मुलांना शिकवून द्यावयाचे दृढीकरण (बालपणी झालेल्या बाप्तिस्म्याची पुष्टी) त्यात कायम राहिले. अलीकडच्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या मोठेपणी, पाण्यात बुडवून घेतलेला बाप्तिस्मा आणि पवित्र आत्म्याचा अनुभव यांवर भर देतात, आणि बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांना तो पुन्हा घ्यावयास सांगतात. जुन्या मंडळ्यांशी त्यांचा मतभेद मुख्यतः याच मुद्द्यावर आहे.