काचघर (वनस्पतींचे)

थंड प्रदेशात उष्ण कटिबंधातली झाडे वर्षभर जगवण्यासाठी लोखंड आणि काच वापरून बांधलेली इमारत. युरोपातल्या वनस्पतिउद्यानांनी एकोणिसाव्या शतकात अशी भव्य काचघरे उभारली. ऐन थंडीत ती पाहायला जाण्याची तिथल्या लोकांची जुनी हौस आहे. मुलाकडे किंवा लेकीकडे लंडनला गेलेल्या पुण्यातल्या आईवडिलांनाही हमखास तिथे नेले जाते. तिकीट काढून आत जावे, तर समोर केळ, ऊस, कॉफी आणि मिरीचा वेल! ‘हे तर आपल्या कोकणात आहे’ हा उद्गार अगदी स्वाभाविक आहे. खरे पाहण्यासारखे असते ते झाडांच्या डोक्यावरचे छप्पर.

लंडनजवळच्या क्यू उद्यानातले पाम हाऊस हा याचा उत्तम नमुना. ते 1844 ते 1848 या काळात बांधले गेले. आराखडा डेसिमस बर्टन यांचा, लोखंडकाम रिचर्ड टर्नर यांचे. मधे खांबांची गर्दी न करता एवढा मोठा घुमट पेलायचा म्हणून टर्नर यांनी जहाजबांधणीत वापरल्या जाणाऱ्या घडीव लोखंडी तुळया घेतल्या. इमारतीची लांबी सुमारे 110 मीटर आणि काचा जवळपास 16,000. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये रद्द झाल्याने अशी बांधकामे आवाक्यात आली. तळघरात कोळशाचे बॉयलर होते. धुराने काचा काळ्या होऊ नयेत म्हणून तो भुयारातून नेऊन दूरच्या एका मनोऱ्यातून बाहेर सोडला जाई. तो मनोरा इतका देखणा आहे की हे धुराडे आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीसारखे काचघर तापते. ऊन काचेतून आत येते, जमीन आणि पाने गरम होतात, त्यांच्यामुळे हवा गरम होते आणि ती वर निघून जाऊ शकत नाही. अडकलेली हवा हेच उबेचे मुख्य कारण आहे; काच उष्णतेचे प्रारण अडवते, पण त्याचा वाटा त्या मानाने थोडा. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1909 मध्ये एका छोट्या प्रयोगाने हे दाखवले होते. उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात मात्र ऊनच दुबळे, त्यामुळे भट्टीला पर्याय नसतो.

ही केवळ राजेशाही हौस नव्हती. इंग्रज प्रवासी हेन्री विकहॅम यांनी 1876 मध्ये ब्राझीलमधून आणलेले रबराचे बी क्यूच्या काचघरांत रुजवले गेले आणि रोपे श्रीलंकेला व पुढे सिंगापूरला रवाना झाली. आशियातल्या रबराच्या मळ्यांची सुरुवात तिथली. साम्राज्याची रोपवाटिका म्हणावी अशीच ती जागा होती.

पाम हाऊसमधला एक सायकॅड (माडासारखे दिसणारे, पण फुले न येणारे प्राचीन कुळातले झाड) 1775 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आला आणि अजून कुंडीतच आहे. थंडीच्या दिवसांत आत शिरताच चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरते. पाच-दहा मिनिटे थांबले की ती जाते. पुसत बसू नये. कोट मात्र लगेच काढावा. गोल लोखंडी जिन्याने सज्जात गेले की माडांचे शेंडे नजरेच्या पातळीवर येतात, आणि कोकणात वाढलेल्या माणसालाही माड असा सहसा दिसत नाही. तिथेच छोटे कमळगृह आहे, पण ते हिवाळ्यात बंद असते.

पुण्यात अशा काचघराची गरज फारशी भासत नाही. 17 जानेवारी 1935 रोजी इथला पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता, पण एरवी जानेवारीतली पहाट साधारण दहा-बारा अंशांची आणि दुपार उबदार असते. रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये मोठमोठी झाडे आणि जाडजूड वेली उघड्यावरच वाढल्या आहेत. या बागेला नावही महाराणी व्हिक्टोरियाचेच आहे, म्हणजे जिच्या कारकिर्दीत क्यूचे पाम हाऊस झाले तिचेच. पुणेकर तिथे जमतात ते जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला.

इथे झाडांना थंडीपेक्षा कोरडी हवा आणि एप्रिल-मेचे ऊन जास्त छळते. म्हणून सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांत काच नव्हे, हिरवी शेडनेट दिसते. ऑर्किड, अँथुरियम आणि नेच्यांसाठी ऊन कमी करायचे आणि फवारे मारून ओलावा टिकवायचा, एवढेच काम. घरच्या गॅलरीतल्या कुंड्यांनाही हेच लागू पडते. हिवाळ्यात अ‍ॅडेनियमची पाने पिवळी पडून गळतात, तेव्हा घाबरून भरपूर पाणी घालणे ही नेहमीची चूक; मुळे कुजतात ती त्यामुळेच.

तळेगाव आणि मावळातली पॉलिहाऊस हा वेगळा प्रकार. त्यांचे छप्पर प्लॅस्टिकच्या कागदाचे असते आणि आत मुख्यतः गुलाब व जरबेरा ही निर्यातीची आणि बाजाराची फुले. मावळच्या मुसळधार पावसापासून ती वाचवणे हे छपराचे मोठे काम. जानेवारीत रात्री फार गार गेल्या तर कळ्या उशिरा तयार होतात आणि फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइनच्या मागणीसाठी तोडणीची तारीख गाठणे अवघड होते. म्हणून संध्याकाळी बाजूचे पडदे वेळेवर खाली सोडण्याकडे शेतकऱ्याचे लक्ष असते.