चीअरलीडर खेळाडू आहे का आणि चीअरलीडिंग हा खेळ आहे का: हे दोन प्रश्न आहेत

अमेरिकेतल्या कॉलेजच्या चीअरलीडर मुलींचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पण तिकडच्या कोर्टानंच सांगितलंय ना, चीअरलीडिंग हा खेळ नाही म्हणून? मग त्या खेळाडू कशा?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं नीट लिहून काढते. ती मुलगी खेळाडू आहे का, हा एक प्रश्न. ती जे करते त्याची कायद्याच्या कागदावर खेळ म्हणून नोंद होते का, हा दुसरा. मराठीत गुंता आणखी वाढतो, कारण खेळाडू हा शब्दच खेळातून निघालाय. खेळ नाही म्हटलं की खेळाडूही पुसला जातो.

आयपीएल आधी बाजूला ठेवू. २००८ साली बंगळूरच्या संघाने वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या चीअरलीडर आणल्या, तेव्हापासून आपल्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसलंय: चौकार, पॉम-पॉम, सीमारेषेजवळचा छोटा मंच. ते पैसे घेऊन केलेलं काम आहे, कष्टाचं आहे, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. पण इथला विषय तो नाही. कॉलेजच्या संघात विद्यार्थी असतात, मुलगेही असतात. सुरुवातच मुलग्यापासून झाली, १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात. पॉम-पॉम आणि पोशाख दोन्हीकडे सारखे, एवढ्यावरून लोक फसतात.

माझी भाची अमेरिकेतल्या एका विद्यापीठात 'बेस' आहे. म्हणजे खालची. दोन बेस, मागे एक बॅकस्पॉट आणि वर फ्लायर, असा चौघींचा गट. तिचा सराव मी एकदा दोन तास बसून पाहिला. फ्लायरचा पाय हिच्या तळहातावर, हात डोक्याच्या वर सरळ, आणि नजर सतत वर. वरची मुलगी अंग आवळून धरते. क्षणभर जरी सैल सोडलं तरी तेच वजन खालच्यांना दुप्पट लागतं, असं भाची म्हणाली. बॅकस्पॉटचं काम सगळ्यात कमी दिसतं आणि सगळ्यात मोलाचं असतं: वरची पडली तर तिचं डोकं आणि मान जमिनीला लागू द्यायची नाही. सराव संपल्यावर भाची मनगटावरची पट्टी सोडत होती, तेव्हा दिसलं, तिच्या खांद्याजवळ चार बोटांचे निळे वळ होते. ती म्हणाली, "मावशी, हे रोजचंच."

ज्याने दहीहंडीचे थर जवळून पाहिलेत, खालच्या थरातल्या पोरांचे खांदे पाहिलेत, त्याला हे वेगळं समजावायला नको. महाराष्ट्र सरकारने २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. त्या दिवशी गोविंदांच्या अंगात नवी ताकद आली नाही, ताकद होतीच. बदलला तो विमा आणि सरकारी नोकरीतल्या क्रीडा कोट्याचा हक्क. दर्जा कागदावरचा असतो आणि त्यातून काय मिळतं हेही कागदावरच ठरतं.

आता ते कोर्ट. कनेटिकट राज्यातल्या क्विनिपिॲक विद्यापीठाने २००९ साली मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्या जागी स्पर्धात्मक चीअरचा, म्हणजे फक्त स्पर्धांत उतरणारा, संघ आणायचं ठरवलं. अमेरिकेत १९७२ पासून 'टायटल नाइन' नावाचा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलींना खेळाच्या समान संधी द्याव्या लागतात आणि त्यासाठी संघातल्या जागांची मोजदाद होते. व्हॉलीबॉलपेक्षा चीअरच्या संघात मुली जास्त मावतात आणि दर मुलीमागे खर्च कमी येतो. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक कोर्टात गेल्या. २०१० साली निकाल लागला: चीअरच्या या जागा टायटल नाइनच्या हिशेबात धरता येणार नाहीत. २०१२ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

निकालाची कारणं वाचणारे फार थोडे. त्या संघाला हंगामात वेगवेगळ्या स्पर्धांमध्ये वेगवेगळ्या गुणपद्धतींना तोंड द्यावं लागलं. कधी समोर कॉलेजचा संघ, कधी चक्क शाळेचा. हंगामाअखेरच्या मोठ्या स्पर्धेसाठी पात्रता फेरी नाही, कुणीही यावं. विद्यापीठाने बाहेर जाऊन या संघासाठी खेळाडू निवडले नव्हते. म्हणजे कोर्टाने मोजली ती व्यवस्था. मुलींच्या ताकदीवर, चपळाईवर त्याने बोट ठेवलंच नाही. उलट अपिलाच्या निकालात हे काम शरीराचा कस पाहणारं असल्याचं मान्य केलंय, आणि पुढेमागे व्यवस्था उभी राहिली तर याला खेळ म्हणता येईल, ही वाटही मोकळी ठेवली आहे. हा निकाल मुलींच्या विरोधातला म्हणून सांगितला जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. तो व्हॉलीबॉलच्या मुलींनी मिळवलेला निकाल आहे. मी तिथे असते तर त्यांच्याच बाजूने उभी राहिले असते, आणि संध्याकाळी भाचीच्या सरावालाही गेले असते. यात काही विसंगती नाही.

क्विनिपिॲकच्या २०१० च्या निकालाच्या आदल्याच वर्षी, २००९ साली, विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतलं चीअरलीडिंग हा अंगाला अंग भिडणारा खेळ आहे असं ठरवलं होतं! सरावात मागे पडून डोक्याला मार बसलेल्या मुलीने, ज्याने तिला झेलायचं होतं त्या सहकाऱ्यावर दावा केला होता. तिथल्या कायद्यानुसार अशा खेळांत एकमेकांना संरक्षण असतं, म्हणून तो दावा फेटाळला गेला. एका राज्यात खेळ ठरल्यामुळे जखमी मुलगी हरली आणि दुसऱ्या राज्यात खेळ न ठरल्यामुळे मुली जिंकल्या. प्रत्येक कोर्टापुढे 'खेळ' हा शब्द वेगळ्या कामासाठी आला होता. त्यावरून कुणाचं खेळाडूपण मोजायचं नसतं.

शरीराचा हिशेब कोर्टाबाहेर कधीच मांडला गेलाय. २००६ साली सेंट लुईसमध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात दक्षिण इलिनॉय विद्यापीठाची एक चीअरलीडर मानवी मनोऱ्यावरून सुमारे १५ फुटांवरून डोक्यावर पडली. मानेचा मणका मोडला होता. स्ट्रेचरवरून नेताना विद्यापीठाचं गाणं वाजायला लागलं आणि तिने पडल्या पडल्या हातांच्या सगळ्या हालचाली केल्या. लोक तिच्या जिद्दीची गोष्ट सांगतात. मला त्या खालच्या लाकडी जमिनीची आठवण होते, जिच्यावर मॅट नव्हती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली चीअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्या अशी भूमिका घेतली. त्यात मानसन्मानाचा मुद्दा नव्हता. दर्जा मिळाला की प्रशिक्षित कोच, वैद्यकीय तपासणी, अ‍ॅथलेटिक ट्रेनर (म्हणजे कोच नव्हे, खेळाडूंच्या दुखापती पाहणारे) आणि दुखापतींची नोंद या गोष्टी आपसूक मागे येतात, हे कारण होतं.

ज्यांना स्पर्धाच करायची आहे त्यांच्यासाठी आता वेगळे खेळ उभे राहिलेत: 'अ‍ॅक्रोबॅटिक्स अँड टंबलिंग', ज्यात बेलर विद्यापीठाचा दबदबा आहे, आणि 'स्टंट', ज्यात दोन संघ समोरासमोर चार डावांत भिडतात. ठरलेले नियम, ठरलेला हंगाम, मैदानाकडेला उभं राहून दुसऱ्या कुणाला प्रोत्साहन देण्याचं काम नाही. माझा कौल याच वाटेला आहे. मैदानाकडेच्या चीअरवर ओढूनताणून खेळाचा शिक्का मारू नये. तिचं मुख्य काम पाठिंब्याचं आहे आणि त्यात कमीपणा नाही. फक्त ते काम करणाऱ्या शरीराला खेळाडूचं शरीर म्हणून वागवा.

ऑलिम्पिकचा गोंधळ थोडक्यात: आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२१ साली चीअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. मान्यता म्हणजे प्रवेश नव्हे. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट आहे, चीअर नाही.

कॉलेजच्या डान्स टीमच्या मुलींचं दुखणं जरा वेगळं. त्यांना "ही तर कला" म्हणून बाहेर ठेवतात. एका पायाच्या चवड्यावर दहा-बारा गिरक्या, वीस जणींनी एका ठेक्यात, दोन मिनिटांत श्वास वर न दिसू देता. कलाच आहे ती. पण घोटा मुरगळतो तो कलेचा नसतो.

भाचीचाही मागच्या वर्षी मुरगळला होता. विद्यापीठाच्या ट्रेनिंग रूममध्ये, म्हणजे दुखापतींवर उपचार होतात तिथे, गेली तर सांगितलं, ही सोय खेळांच्या संघांसाठी आहे. तिने होस्टेलच्या फ्रीजमधला मटारचा पुडा पायाला बांधून रात्र काढली. यंदा मुलींनी अर्ज-विनंत्या केल्यावर आठवड्यातून दोन दिवस ट्रेनर सरावाला यायला लागली आहे. तिच्या वहीत खेळाचा रकाना असतो. भाचीने त्यात 'चीअर' लिहिलं, आणि तिच्या मागच्या दोघींनी 'डान्स'.