पाण्यावरची ठिणगी

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की अर्धं नाशिक गोदाघाटाकडे धावतं. दोन वर्षांपूर्वी मीही स्कूटर काढली, आणि परतताना रविवार कारंजापाशी ती फटफट करून बंद पडली. पुरात चाकही घातलं नव्हतं, नुसता पाऊस लागला होता. ढकलत भद्रकालीतल्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने शटर अर्धं ओढलं, दिवा घालवला, इस्त्रीवाले वापरतात तसल्या बाटलीतून प्लगच्या वायरवर तुषार मारले आणि किक मारली. अंधारात त्या काळ्या वायरच्या अंगावरून निळसर सुरवंटासारखं काहीतरी सरकलं आणि प्लगपर्यंत न जाताच इंजिनाच्या धातूत शिरलं. ओझोनचा तिखट वास सुटला. "करंट बाहेरच्या बाहेर पळतोय," मिस्त्री म्हणाला.

परवा गंगापूर धरणावरच्या बोट क्लबवर हे पुन्हा आठवलं. मित्र फोनवर शर्यतीच्या बोटींचा व्हिडिओ बघत होता. "आपली गाडी चार थेंबांनी बसते, मग ह्या पाण्यात आठ-आठ सिलिंडर कसे पेटवतात?" शेजारचा ठामपणे म्हणाला, "त्यांची बॅटरीच तेवढी पॉवरफुल असते!"

नसते. बॅटरी तीच, १२ व्होल्टची. प्लगवर मात्र २० ते ४० हजार व्होल्ट लागू शकतात आणि ते कॉइल, म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या जाड आणि बारीक वायरींची जोडी, तयार करते. ठिणगी करंट सोडल्यावर पडते असं बहुतेकांना वाटतं. साध्या कॉइलमध्ये ती पडते करंट तोडल्यावर. धावत्या पाण्याचा नळ झटकन बंद केला की पाइप दणकतो, तसंच हे. कॉइलच्या जाड वायरीतून करंट वाहतो तेव्हा लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र साठतं. करंट एकदम तोडला की ते क्षेत्र कोसळतं, जाड वेढ्यांतच तीनएकशे व्होल्टचा दणका बसतो, आणि बारीक वायरीचे वेढे सुमारे शंभरपट असल्याने तिकडे तो तितक्याच पटीने मोठा होऊन निघतो.

आता माझा आवडता हिशेब. चार स्ट्रोकचं आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं, तेव्हा सेकंदाला ४०० ठिणग्या लागतात. म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये अडीच मिलिसेकंद. एकच कॉइल सगळ्यांना पुरवत असेल, तिचं इंडक्टन्स (करंट वाढायला होणारा तिचा विरोध) ५ मिलिहेन्री असेल आणि तिला ६ अँपिअरपर्यंत भरायचं असेल, तर १२ व्होल्टवर वेळ लागतो ५ गुणिले ६ भागिले १२. बरोबर अडीच मिलिसेकंद! वायरचा रोध धरला तर जास्तच. ठिणगी जळायला वेळच उरत नाही. म्हणून वेगवान इंजिनांत अनेकदा कपॅसिटर आणतात. तो आधीच चारशे-साडेचारशे व्होल्टला भरून ठेवायचा आणि हुकूम मिळताच कॉइलमध्ये रिता करायचा. एक मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ४५० व्होल्टला साधारण १०० मिलिज्यूल ऊर्जा मावते.

ही कपॅसिटरची पेटी बॅटरीकडून झटक्याझटक्याने करंट ओढते. म्हणून तिची जाड वायर किल्लीच्या स्विचमधून न फिरवता फ्यूज लावून थेट बॅटरीवर नेतात, किल्लीकडून फक्त इशाऱ्याची बारीक वायर येते. तांबं कल्हई केलेलं हवं. साधी तार दमट हवेत प्लास्टिकच्या आतून काळी पडत जाते आणि थिंबलपाशी, म्हणजे टोकाच्या जोडापाशी, तुटते.

पण ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते कशामुळे? मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला सुमारे ३,००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, रेणू दाटीने बसलेले असतात, इलेक्ट्रॉनला वेग पकडायला मोकळी धाव मिळत नाही. त्यामुळे तेवढ्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. इंजिन जितकं तगडं, दाब जितका जास्त, तितकी आतली वाट अवघड आणि बाहेरची ओली, मळकी वाट सोपी. एकदा ठिणगी बाहेरून गेली की प्लगच्या टोपीवर कोळशाची रेघ उमटते, आणि मग कोरड्या दिवशीही करंट तीच वाट धरतो. ती पुसत बसू नये, टोपी बदलावी. बोटींवर म्हणूनच जाड सिलिकॉनच्या टोप्या, आत सिलिकॉन ग्रीस, आणि वायरी एकमेकींपासून अंतर ठेवून आवळलेल्या असतात. ठिणगीची वेळ सांगणाऱ्या सेन्सरच्या दोन तारांना पीळ देतात. शेजारच्या प्लग वायरीचा चुंबकीय गोंधळ एका वेढ्यात सुलटा, पुढच्यात उलटा शिरतो आणि बराचसा कटतो.

बोटीच्या नाकावर लिंबू-मिरची मात्र इथेही असते. लिंबात तांबं आणि जस्त खुपसलं तर जेमतेम एक व्होल्ट मिळतो, नजर काढायला तो पुरत असेल. प्लगवर लावायच्या 'पॉवर बूस्टर' डब्या विकणाऱ्यांनाही मी त्याच रांगेत बसवतो.

खरी भीती ओल्या वायरीची नाहीच. नाशिकला ज्या मायको (आता बॉश) कारखान्याच्या नावाने चौक ओळखला जातो तिथे डिझेलचे नोझल बनतात, आणि डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लगच लागत नाही. पेट्रोलच्या बोटीला लागतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. मोटारीखाली ती वाऱ्याबरोबर निघून जाते, बोटीच्या बंद तळात साचून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास आलं की पाव मिलिज्यूलची ठिणगीही तिला पुरते. आपल्या १०० मिलिज्यूलपैकी निम्मी ऊर्जा वाटेत खर्ची पडली तरी दोनशेपट उरली!

म्हणून बोटीला मोटारीचे डिस्ट्रिब्युटर (प्लगांना आळीपाळीने करंट वाटणारा), स्टार्टर आणि आल्टरनेटर (बॅटरी भरणारा) चालत नाहीत. दिसायला सारखेच, पण बोटीच्या डिस्ट्रिब्युटरच्या श्वासाच्या भोकावर बारीक जाळी असते. आत वाफ शिरून भडकली तरी ज्योत जाळीतून बाहेर येताना धातूला उष्णता देऊन बसते आणि विझते. इंग्रज शास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांच्या दिव्यासाठी वापरलेली हीच युक्ती. जुन्या बाजारातून मोटारीचा स्वस्त स्टार्टर आणून बोटीला बसवणारे लोक भेटतात. बोट चालतेही, अनेक महिने.

अमेरिकेत अशा बोटींवर चालकासमोर पाटी लावावी लागते. तिच्यावर लिहिलेलं असतं, इंजिन सुरू करण्याआधी तळातला पंखा चार मिनिटं चालवा आणि तळात पेट्रोलची वाफ आहे का तपासा. म्हणजे झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, वास घ्यायचा आणि मगच किल्ली फिरवायची.