रिमोट तोच, मागणी वेगळी

ऑन-डिमांड टीव्ही आणि इंटरॅक्टिव्ह टीव्ही यांची गल्लत होते, कारण दोन्हीकडे बटण आपणच दाबतो. पण कधी दाबतो? ऑन-डिमांडमध्ये सिनेमा निवडला, बटण दाबलं, की आपण मोकळे. इंटरॅक्टिव्हमध्ये आपलं काम सिनेमा सुरू झाल्यावर सुरू होतं.

पहिल्याला भरपूर मागणी आहे, म्हणून दुसऱ्यालाही असणार, हे गणित मला कधीच पटलेलं नाही. ओहायोतल्या कोलंबस शहरात डिसेंबर 1977 मध्ये वॉर्नर या कंपनीने 'क्यूब' ही केबल सेवा सुरू केली. घरातल्या यंत्रावर उत्तर द्यायला पाच बटणं. लोकांनी मतं नोंदवली, अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यात पुढची चालसुद्धा घरबसल्या ठरवली. 1984 पर्यंत हा खेळ आवरता घ्यावा लागला. मागे काय उरलं? पैसे भरून सिनेमा बघायची सोय, आणि पुढे निकलोडियन झालेली मुलांची वाहिनी. म्हणजे नुसतं बसून बघायच्याच गोष्टी.

मग डिसेंबर 1994 मध्ये टाइम वॉर्नरने ऑर्लँडोत मागाल तेव्हा सिनेमा, खेळ आणि खरेदी असं सगळं एकाच पेटीत घातलं. सुमारे 4,000 घरं जोडली आणि 1997 मध्ये गाशा गुंडाळला. 'पेटी फार महाग होती' हे कारण दिलं जातं. खरंही आहे, पण अर्धंच. तंत्र स्वस्त झाल्यावर मागाल तेव्हा सिनेमा घराघरांत पोचला. टीव्हीच्या रिमोटने खरेदी करायला मात्र स्वस्ताईतही कोणी धावलं नाही. लोक फोनवरून करू लागले.

नेटफ्लिक्सचा 'बँडरस्नॅच', म्हणजे गोष्टीचं पुढचं वळण प्रेक्षकाने निवडायचा सिनेमा, डिसेंबर 2018 मध्ये आला, तेव्हा चर्चा जोरात होती. पडद्याच्या खालच्या बाजूला दोन पर्याय, निवडायला दहा सेकंद. आक्रसत जाणारी रेघ. सोफ्यावर तिघं असतील तर रिमोट कोणाकडे, हा वाद आधी. आणि कोणीच काही दाबलं नाही तर? गोष्ट स्वतःच एक पर्याय घेऊन पुढे जाते. प्रेक्षक हातावर हात ठेवून बसेल, हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलं होतं की! कुतूहल म्हणून एकदा बघणारे खूप होते, पण रोज रात्री थकून आल्यावर नायकाचे निर्णय कोण घेत बसणार? 2024 च्या अखेरीस नेटफ्लिक्सने असे बहुतेक कार्यक्रम काढून टाकले, 2025 मध्ये 'बँडरस्नॅच'ही गेला.

लोकांना बोलायचं नसतं असं मात्र नाही. सामना चालू असताना प्रत्येक चेंडूवर शेरे मारणारे कमी आहेत का? फक्त ते सगळं हातातल्या फोनवर चालतं. समोरचा टीव्ही तेवढा वेळ गप्प चालू राहिला, की झालं.