पाणी कमी, पण दोष सुनेचा नाही

एप्रिल-मेमध्ये नाशिकचं ऊन तापलं की सोनोग्राफी सेंटरबाहेरच्या बाकांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पाणी कमी सांगितलंय. किती वेळा म्हटलं, पाणी पीत जा!" आठवा-नववा महिना लागलेली ती सून गप्प बसते. हा आरोप बहुतेक वेळा चुकीचा असतो. आईने दोन लिटर पाणी प्यायलं तर बाळाभोवतीच्या पाण्याचा, म्हणजे गर्भजलाचा, आकडा थोडा वाढतो, हे खरं. पण पाण्याचा मूळ झरा दुसरीकडेच आहे.

शेवटच्या तिमाहीतलं गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. बाळ ते गिळतं आणि पुन्हा सोडतं. गर्भाशयाच्या चार भागांत सोनोग्राफीवर मोजलेल्या पाण्याच्या खोलीची बेरीज, म्हणजे एएफआय, 5 सेंटीमीटर किंवा त्याहून कमी भरली की रिपोर्टवर 'पाणी कमी' येतं. कारणं बरीच असतात: पिशवी फुटून झिरपणं, किडनीतला जन्मजात दोष, 20 आठवड्यांनंतर घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या. पण पाण्यासोबत बाळाचं वजनही मागे पडलं असेल तर आधी वारेकडे, म्हणजे बाळाला प्राणवायू आणि पोषण पुरवणाऱ्या प्लॅसेंटाकडे, बघावं लागतं.

वारेतून प्राणवायू कमी मिळू लागला की बाळ जे करतं, ते मला फार विलक्षण वाटतं. गंगापूर धरणात साठा घटला की पिण्याचं पाणी राखून शेतीचं आवर्तन थांबवतात, तसंच. मानेतल्या धमन्यांजवळचे संवेदक प्राणवायूची घट ओळखतात. किडनी, आतडी आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदू, हृदय आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा पुरवठा मात्र चालू राहतो. किडनीला रक्त कमी, म्हणून लघवी कमी, म्हणून गर्भजल कमी. यकृतातला साखरेचा साठाही संपत जातो, त्यामुळे डोक्याच्या मानाने पोटाचा घेर लहान भरतो.

डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, हे सगळं दिसतं. निरोगी वारेत रक्ताला अडथळा इतका कमी असतो, की बाळाचं हृदय दोन ठोक्यांमध्ये सैल पडलं तरी नाळेतल्या धमनीतलं रक्त पुढेच जात राहतं. वारेतल्या बारीक वाहिन्या नष्ट होत गेल्या की हा मधल्या वेळचा प्रवाह आधी घटतो, मग थांबतो, शेवटी उलटा फिरतो. मेंदूच्या मधल्या धमनीत नेमकं याच्या विरुद्ध: ती रुंदावते आणि तिथला मधल्या वेळचा प्रवाह वाढतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की बाळ किती ताणाखाली आहे ते कळतं.

अशा वेळी 'पाणी वाढवणाऱ्या' अमिनो अ‍ॅसिडच्या सलाईन आणि महागड्या प्रोटीन पावडरी घरच्यांच्या गळ्यात मारल्या जातात. बिघडलेली वार त्यांनी सुधारते, याला भरवशाचा पुरावा नाही. आणि वाढ खुंटली ती ग्रहणात भाजी चिरली म्हणून, असं सुनावणाऱ्यांनी तर त्या बाईची माफीच मागावी.

डॉक्टर पाहतात ते डॉपलर, दोन-तीन आठवड्यांतली वजनवाढ, आईचं बीपी आणि बाळाची हालचाल. हालचाल मंदावली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. नाळेतला प्रवाह उलटा झाला असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन 30 ते 32 आठवड्यांतही प्रसूती करावी लागते, आणि ती अशाच ठिकाणी, जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे.