नवी प्रजाती ठरते कशी? वाळवंटी मातीतल्या जीवाणूंची पार्श्वभूमी

जैसलमेरची माती ताळगाव किंवा दोनापावलाच्या प्रयोगशाळेत आणली की पहिली अडचण येते ती गोव्याच्या हवेची. पावसाळ्यात उघड्या पिशवीतली कोरडी माती ओल ओढून घेते, सुप्त जीवाणू जागे होतात आणि झपाट्याने वाढणारे बॅसिलस बाकीच्यांना झाकून टाकतात. म्हणून नमुना सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्येच (ओल शोषणाऱ्या हवाबंद भांड्यात) ठेवावा. १ ग्रॅम माती ९ मिली सलाइनमध्ये (०.८५ टक्के मिठाचे पाणी) मिसळून दहापटीने विरल करत जायचे आणि ०.१ मिली आर२ए अगारवर, म्हणजे कमी पोषणाच्या माध्यमाच्या प्लेटवर, पसरायचे. २८ ते ३० अंशांवर तीन-चार आठवडे थांबायचे, प्लेटा सुकू द्यायच्या नाहीत. पौष्टिक माध्यम वापरले किंवा तिसऱ्या दिवशी प्लेटा फेकल्या, तर खरे वाळवंटी रहिवासी हाती लागतच नाहीत.

वसाहत (प्लेटवर दिसणारा जीवाणूंचा ठिपका) मिळाली, पण ती नव्या प्रजातीची कशावरून? याचे उत्तर दर पिढीत बदलले. १८७२ मध्ये फर्डिनांड कोन यांनी जीवाणूंचे गट आकारावरून पाडले. १८८४ मध्ये ग्रॅम यांची जीवाणू रंगवून दोन गटांत विभागणारी रंगप्रक्रिया आली, पुढे साखरा आंबवण्याच्या चाचण्या. एकाच जीवाणूला अनेक नावे पडत गेली. अखेर १ जानेवारी १९८० रोजी मान्य नावांची यादी लागू झाली आणि यादीबाहेरच्या जुन्या नावांची अधिकृत मान्यता गेली. मला हा या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

१९८७ मध्ये डीएनए संकरणाची (दोन जीवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळतात ते मोजण्याची) ७० टक्के ही सीमा ठरली. मात्र हा प्रयोग जोडीजोडीने करावा लागे आणि प्रयोगशाळा बदलली की आकडाही हले. दरम्यान सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूझ यांच्या १९७७ च्या कामातून १६एस आरआरएनए जनुकाची, म्हणजे सर्व जीवाणूंत असलेले एक जनुक ताडून पाहण्याची, वाट खुली झाली होती. १९९४ मध्ये त्यासाठी ९७ टक्के ही सीमा सुचवली गेली, २००६ मध्ये ती ९८.७ वर नेली. त्याखाली साम्य असेल तर प्रजाती बहुधा वेगळीच. साम्य त्याहून जास्त असेल तर मात्र हे जनुक निकाल देऊ शकत नाही. तिथे संपूर्ण जीनोमची (सगळ्या डीएनएची) सरासरी साम्यता पाहतात, प्रजाती नवी ठरायला ती ९५-९६ टक्क्यांखाली हवी. जनुकाचा क्रम वाचताना आलेखात एकाच जागी दोन शिखरे दिसली तर कल्चर (वाढवलेले जीवाणू) बहुधा मिश्र आहे. पुन्हा नव्या प्लेटवर रेघा ओढून एकेक वसाहत वेगळी करावी.

वाळवंटी जीवाणू वेगळे काढण्याची आणखी एक वाट आहे: २००५ मध्ये वर्णिलेला सहारातला डायनोकॉकस डेझर्टी हा जीवाणू वाळूवर गॅमा किरण सोडून वेगळा काढला गेला. कोरडेपणा आणि किरणोत्सर्ग दोन्ही डीएनए तोडतात. एकाला तोंड देणारा बहुधा दुसऱ्यालाही देतो.

आज जीनोम स्वस्त झाला आहे, खरी कसोटी जिवंत नमुन्याची आहे. नावाला मान्यता हवी तर मूळ स्ट्रेन (ज्यावरून प्रजातीचे वर्णन केले तो जिवंत वाण) दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर संग्रहांत जमा करावा लागतो, आणि तो इतर संशोधकांना विनाअडथळा मिळायला हवा. भारतात पुणे आणि चंडीगडचे संग्रह आहेत. परदेशी पाठवताना जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. ती कागदपत्रे लेख लिहायला घेण्याआधीच सुरू करावीत, आणि तोवर स्ट्रेन २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर, किमान दोन वेगळ्या फ्रीझरांत ठेवावा.