‘संदर्भ’ की ‘दाखला’? विकिपीडियावरच्या तळटिपांची पार्श्वभूमी

मराठी विकिपीडियावर नवा लेख लिहिणारे बरेच जण पुस्तकांची नावे लेखाच्या तळाशी एकगठ्ठा टाकून मोकळे होतात. कोणते वाक्य कुठल्या पानावरून आले, याचा त्यातून पत्ता लागत नाही. मग कोणीतरी जाणकार वाक्यामागे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावतो आणि लिहिणारा दुखावतो. संदर्भ तर दिलेत की खाली! याला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ही सवय छापील कोशांनी लावलेली आहे.

१९२० च्या दशकातल्या ज्ञानकोशापर्यंत मागे जायला नको. आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर असतो तो मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात नोंद संपली की ‘संदर्भ’ म्हणून क्रमांक घातलेली ग्रंथांची यादी येते, बरीचशी इंग्रजी, आणि नोंदीखाली लेखकाचे नाव. यादी आधारग्रंथांची, वाक्यावाक्याची हमी त्या नावाने घेतलेली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि लेखाखालचे नाव गेले. आता प्रत्येक विधानाला स्वतःचा आधार सोबत बाळगणे भाग पडले. मथळा मात्र ‘संदर्भ’ हाच राहिला, आणि घोळ तिथे झाला.

हा शब्द आपल्याकडे फार ठिकाणी राबतो. शाळेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ लिहिताना संदर्भ म्हणजे कोण, कोणाला, कधी म्हणाले. सरकारी पत्रात विषयाखाली ‘संदर्भ’ असतो, तिथे आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. ग्रंथालयातला संदर्भग्रंथ आणखी वेगळा, घरी नेता न येणारा. या सगळ्यांतून आलेल्या माणसाला विकिपीडियावरचा संदर्भ म्हणजे ‘या एका विधानाचा पुरावा’ हे आपोआप कसे कळावे? ‘स्रोत’ म्हणावे तर पानामागच्या कच्च्या मजकुरालाही स्रोतच म्हणतात. शिवाय निम्मे लोक तो ‘स्त्रोत’ असा लिहितात; साच्याच्या, म्हणजे नाव लिहिले की पानावर आपोआप उमटणाऱ्या तयार मजकुराच्या, नावात ती चूक झाली की साचा उमटत नाही, नुसता लाल दुवा, म्हणजे नसलेल्या पानाचा दुवा, दिसतो. ‘तळटीप’ जागा सांगते, काम सांगत नाही. माझे मत ‘दाखला’ या शब्दाला आहे. विकिपीडियावर लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळेत ‘इथे संदर्भ जोडा’ म्हटले की मुले गोंधळतात, ‘या वाक्याला दाखला द्या’ म्हटले की लगेच पान शोधू लागतात. दाखला म्हटले की जन्माचा किंवा उत्पन्नाचाच आठवतो, असा आक्षेप घेतला जातो. मला तीच त्याची ताकद वाटते, कारण तोही कागद एका विशिष्ट गोष्टीचा पुरावाच असतो. ‘संदर्भ’ आता रुळला आहे, हा दुसरा आक्षेप मात्र खोडणे कठीण आहे.

तंत्राने मदत केली, पण अर्धीच. आधी तळटिपांचे आकडे हाताने घालत. मध्ये एक वाक्य वाढले की पुढचे सगळे चुकत. डिसेंबर २००५ पासून ‘रेफ’ची (ref) खूण आली, दाखल्याच्या आधी आणि नंतर घालायची, आणि आकडे आपोआप पडू लागले. ती खूण रोमन अक्षरांतच टंकावी लागते. म्हणजे मराठी वाक्य, कळफलक बदला, खूण, पुन्हा बदला, पुस्तकाचे नाव, पुन्हा बदला, शेवटची खूण, पुन्हा बदला. एका दाखल्यापायी चार वेळा. महाविद्यालयांतून कार्यशाळा होऊ लागल्यावर वेगळीच अडचण निघाली. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) दिवसाला सहाच खाती उघडता येतात आणि प्रयोगशाळेतले सगळे संगणक एकाच पत्त्यामागे, त्यामुळे सातवा विद्यार्थी दारातच अडायचा. आदल्या दिवशी घरून खाते उघडून या, असे सांगायला आम्ही तिथे शिकलो.

बातम्यांचे दुवे ही निराळी दुखरी जागा. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या फाँटमध्ये होती. ते जुने पान आज मिळाले तरी फाँटअभावी अगम्य अक्षरेच दिसतात.

२०१३ पासून यथादृश्य संपादक आला, म्हणजे खुणा न टंकता पान दिसते तसेच बदलण्याची सोय. पुढे नुसता दुवा किंवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिला की दाखला स्वतःच भरला जाऊ लागला. जुन्या मराठी पुस्तकांना याचा उपयोग नाही, कारण त्यांच्यावर आयएसबीएन नसतोच. तिथे लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पान हे सगळे हातानेच भरायचे. मुखपृष्ठाच्या आत ‘शके १८४५’ छापलेले असेल तर ७८ मिळवून १९२३ लिहायचे, आणि महिना जानेवारी ते मार्चमधला, म्हणजे माघ-फाल्गुनाकडचा असेल तर ७९ मिळवून १९२४.